खंडेनवमीचं मिसाईल

‘आवाज आला?’ मगदूम उस्तादांनी विचारलं.

‘नाही उस्ताद.’

नळी माझ्या उजव्या खांद्यावर होती. दरीतून वर येणारं हेलिकॉप्टर मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, त्याच्या दोन्ही कुशींना टांगलेले रॉकेटचे डबेसुद्धा दिसत होते, आणि कानात मात्र काही नाही. या मिसाईलचं असं असतं, बॅटरी फोडली की त्याच्या तोंडाशी असलेला काचेचा डोळा जागा होतो. त्या डोळ्याला इंजिनाची धग दिसली की फायर करणाऱ्याच्या कानात बारीक गुणगुण सुरू होते. कुत्र्याला वास लागला म्हणजे कसं ते गुरगुरतं, तसंच समजा. गुणगुण आली की सोडायचं. ती आली नाही तर सोडून उपयोग नसतो, आंधळं मिसाईल जाऊन डोंगरात घुसतं. बॅटरी टिकते अर्धं मिनिट, आणि एकदा फोडली की संपली.

मी सर्जेराव खोत, गाव आजरा तालुक्यातलं, तेव्हा एअर डिफेन्समध्ये लान्स नाईक. या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. कुठला डोंगर, कुठलं साल, ते विचारू नका, मी सांगणार नाही. चौदा हजार फुटांवरचा एक कडा होता आणि त्यावर आम्ही दोघंच होतो. मी आणि माझे डिटॅचमेंट कमांडर, हवालदार शिवलिंग मगदूम. मला नळी खांद्यावर घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून उस्ताद. आमच्याजवळ तीन मिसाईलं आणि तीन बॅटऱ्या, चौथी नाही.

आमच्या कड्याच्या डाव्या हाताला खाली उघडा उतार होता, आणि त्या उतारावर इन्फंट्रीची अकरा माणसं पालथी पडली होती. रात्रीत खिंड गाठायची होती त्यांना. पण बर्फाच्या एका पट्ट्यात दोन तास मोडले आणि उजेडानं त्यांना मधेच गाठलं. पुढं आडोसा नाही, मागं आडोसा नाही. त्या अकरांत चौथे होते माझे दाजी, नाईक केरबा पोवार, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. खालच्यांच्या डोक्यावर काही उडत आलं तर ते पाडायचं, एवढ्याच कामाला आम्हाला तिथं बसवलं होतं. महिनाभर आम्ही तिथं बसून नुसता शिधा संपवला होता, आणि आज पहिल्यांदा काम आलं होतं.

अर्धं मिनिट संपलं. कानातली पोकळी तशीच राहिली.

हेलिकॉप्टर आमच्यापेक्षा जरा खालूनच गेलं. पायलटचं हेल्मेट दिसलं मला, इतकं जवळून. मग रॉकेटं सुटली, दोन-दोन, दोन-दोन. उताराची माती उडाली आणि ती खाली बसायच्या आत मशिनगन सुरू झाली. तसल्या मोठ्या गोळ्या लागल्या की माणूस पडत नाही, फाटतो. सगळ्यात पुढं असलेल्या त्यांच्या हवालदाराचे पाय होते तिथंच राहिले आणि वरचं धड चार हात घसरत गेलं. एकजण उठून पळाला. वीस पावलं पळाला असेल, मग त्याला डोकं नव्हतं, आणि तरी तो आणखी दोन पावलं गेला. हे मी फुगवून सांगत नाही. एकजण पेटला होता आणि बर्फात लोळत होता, आणि त्याचं ओरडणं आमच्यापर्यंत चढून येत होतं.

दाजी कुठं आहेत ते मला दिसत नव्हतं. सगळे सारखेच दिसत होते, मातीच्या रंगाचे.

‘बॅटरी गेली,’ उस्ताद म्हणाले. ‘दुसरी नळी घे.’

बॅटऱ्या गार पडल्या की नीट चालत नाहीत, म्हणून उस्ताद त्या रात्रभर स्वतःच्या स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून झोपायचे. इन्फंट्रीवाले चेष्टा करायचे, हवालदारसाहेबांनी घरवालीला कधी इतकं जवळ घेतलं नसेल म्हणून. तेव्हा बॅटरी गेली हे त्यांचं त्यांनाच पटलं नसणार. पण वेळ कुठं होता. हेलिकॉप्टर दरीच्या टोकाला वळत होतं. मी दुसरी नळी खांद्यावर घेतली, त्यांनी पहिलीसारखंच तिच्याही तोंडावरचं झाकण चाचपून ओढलं. त्यांचे डोळे आभाळाकडे होते. मी बॅटरी फोडली. वळताना हेलिकॉप्टरनं आपली कूस पूर्ण आमच्याकडे केली, तापलेल्या इंजिनाची भोकंच्या भोकं समोर. आंधळ्यालाही दिसावं असं निशाण होतं.

गुणगुण आली नाही. आणि तेव्हा मला आठवलं.

‘उस्ताद,’ मी म्हणालो, ‘डोळ्यावर कुंकू आहे.’

त्यांना कळलंच नाही मी काय म्हणतोय ते. कुणाला कळेल?

चार दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. मराठा पलटणीत खंडेनवमी म्हणजे काय ते सांगायला नको. तोफगोळे पडत असोत नाहीतर बर्फ, त्या दिवशी शस्त्रांची पूजा होतेच. झेंडूची फुलं त्या डोंगरात कुठली, तर पोरांनी नारिंगी पॅराशूटच्या कापडाच्या चिंध्या कापून फुलं केली होती. रायफली पुजल्या, मॉर्टर पुजला, दोराला आणि कुऱ्हाडीलाही कुंकू लागलं. उस्ताद त्या दिवशी जुन्या बॅटऱ्या देऊन या नव्या आणायला खाली बटालियनवर गेले होते. जाताना मला बजावून गेले, मी येईपर्यंत नळ्यांची झाकणं काढायची नाहीत. दुपारी दाजी ताट घेऊन आमच्या कड्यावर चढून आले. ताटात हळद, गुळाचा खडा आणि अक्कानं देवीच्या देवळातून आणून पोस्टानं धाडलेली कुंकवाची पुडी.

मी म्हटलं, दाजी, नळीला लावा. तर त्यांनी नळीला लावलं, पण मन भरेना. हा सगळ्यांत मोठा देव, म्हणाले, आणि तुम्ही त्याला मुंडासं घालून बसवलाय. टोपीला टिळा लावून कपाळ कोरडं ठेवतात होय? मी दोनदा नको म्हटलं. पण ते बहिणीचे यजमान. आमच्याकडं जावयाला तिसऱ्यांदा नाही म्हणायची रीत नाही, आणि खरं सांगायचं तर रीतीपेक्षाही माझी हौसच जास्त होती. रायफलवाल्या माणसाला आपलं अस्त्र उघडून दाखवायचं, त्यानं आ वासून बघायचं, ती हौस. तिन्ही नळ्यांची झाकणं मी माझ्या हातानं काढली.

आतली काच बघून दाजी खूश झाले. डोळाच आहे की ओ पाव्हणं, म्हणाले. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडून जायला लागलं, तेव्हा त्यांनी माझ्या डबीतलं खोबरेल मागितलं. ते दगड झालं होतं. ते स्टोव्हवर पातळ केलं, त्यात कुंकू कालवलं आणि अंगठ्यानं तिन्ही डोळ्यांवर ठसठशीत टिळे ओढले. हात जोडले. मीही जोडले.

ते गेल्यावर लगेच पुसायचं होतं मी. फडकं हातात घेतलंही होतं. पण सणाच्या दिवशी, देवीचं कुंकू, बहिणीनं धाडलेलं, तिच्या नवऱ्यानं लावलेलं, आणि ते मी पुसायचं? हात धजेना. म्हटलं, दसरा मावळू दे, मग पुसू. झाकणं लावून टाकली. दसऱ्याला संध्याकाळीच गोळे पडायला लागले, ते दोन दिवस थांबले नाहीत, आम्हाला झोप नाही, शुद्ध नाही. आणि मी विसरलो. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मी विसरलो.

हे सगळं मी उस्तादांना तेव्हा सांगितलं नाही, तेवढा वेळ नव्हता. ‘डोळ्यावर कुंकू आहे’ एवढंच दुसऱ्यांदा म्हणालो. त्यांनी गडग्यावरून पुढं वाकून नळीच्या तोंडात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत बसेल आणि बसायला हवी होती. तिसरी नळी उचलून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवली.

हेलिकॉप्टर दुसऱ्या फेरीला आलं.

आमचा आडोसा म्हणजे दगड रचून केलेला कमरेएवढा गडगा, त्यात दोन माणसं जेमतेम मावायची. नळी पाच फुटांहून लांब, आत फिरवायला जागा नाही, तिचं तोंड गडग्याच्या बाहेर. झाकण हात लांबवून ओढता यायचं, पण तोंडातली काच घासून पुसायची तर माणसानं गडगा ओलांडून कड्याच्या टोकाला जायला हवं, आणि समोरच्या सुळक्यावरून दुश्मनाची मशिनगन ते टोक महिनाभर बघत होती. मी नळी खाली ठेवून निघालो, तर उस्तादांनी मला कॉलर धरून मागं ओढलं. फायर तू करायचंस, म्हणाले, आणि स्वतः गडग्यावरून गेले.

झाकण काढून त्यांनी हातमोजा फिरवला. तेल गोठून मेणासारखं झालं होतं, ते निघण्याऐवजी पसरलं. हातमोजा टाकून नुसत्या अंगठ्यानं घासलं, तर सगळी काच लाल झाली. मी इकडून बघत होतो, नळीच्या मागच्या टोकाला धरून. मग त्यांनी दोन्ही हातांनी नळीचं तोंड धरलं आणि काचेला जीभ लावली.

त्या थंडीत जीभ बाजूच्या धातूला चिकटते. त्यांची चिकटली. त्यांनी ती तशीच ओढून काढली, रक्त थुंकलं, तोंडाच्या वाफेनं काच ऊन केली आणि पुन्हा चाटली. लोकरीची टोपी काढून पुसली, पुन्हा चाटली. खाली उतारावर रॉकेटं फुटत होती. मी तिकडे बघत नव्हतो. मी कान बंद करून घेतले असते, पण हात नळीला होते. कुणीतरी आईला हाक मारत होतं आणि ती हाक मधेच तुटली.

समोरच्या सुळक्यावरच्या मशिनगनला उस्ताद दिसले. पहिला फवारा गडग्यावर आला, दगडाच्या कपच्या माझ्या गालात घुसल्या. दुसरा त्यांच्या उजव्या हातात. कोपराखालचा हात नुसता कातडीवर लोंबला. ते खाली बसले, डाव्या हातानं टोपी उचलली आणि काच पुसत राहिले. तिसऱ्या फवाऱ्यात मांडी गेली. मी ओरडलो, उस्ताद, बास झालं, या आत. त्यांनी काचेत तोंड घालून बघितलं, एकदा, दोनदा, घाई नसल्यासारखं. दिवाळीत समईची काजळी निघाली का बघावं तसं. मग ते बाजूला कलंडले आणि डाव्या हातानं आभाळ दाखवलं.

हेलिकॉप्टर तिसऱ्यांदा येत होतं. आता त्याला कसली भीती राहिली नव्हती. ते हळू आलं, उतारासमोर जवळजवळ उभंच राहिलं आणि वेचून वेचून मारायला लागलं. शेवटची बॅटरी. मी फोडली. मनात देवीचं नाव घेतलं नाही, शपथेवर सांगतो. फक्त मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. काही नाही. पाच, सहा. आणि सातला कानात गुणगुण आली, अगदी बारीक, मग भरून.

सोडलं. नळीतून मिसाईल उडालं, उस्तादांच्या अंगावरून चार हात पुढं गेलं, आणि मग त्याची खरी आग पेटली. ते जाताना दिसतं न दिसतं. इंजिनावर एक काळा फुगा उठला, शेपूट वेगळं झालं, पाती एकमेकांत अडकून मोडली, आणि ते सगळं धूड गरगरत पलीकडच्या खडकावर आदळलं. त्यातून एक माणूस बाहेर आला. पूर्ण पेटलेला होता आणि चालत होता. उतारावरून कुणीतरी त्याला गोळी घातली. दया आली म्हणून की राग म्हणून, मला ठाऊक नाही. मला त्याच्याबद्दल तेव्हा काहीच वाटलं नाही. मला फक्त दाजी दिसायला हवे होते.

उस्तादांच्या दंडाला आणि मांडीला पट्टे आवळले, वायरलेसवर स्ट्रेचर मागितलं, आणि आपल्या तोफांनी धूर टाकल्यावर मी खाली पळालो. अकरांपैकी दाजी धरून पाचजण जिवंत होते. दाजी एका धोंड्याला टेकून बसले होते, बसवल्यासारखे. दोन्ही हात पोटावर. हातांच्या खालून आतडं बाहेर आलं होतं आणि त्यावर माती होती. मला बघून हसले.

‘पाडलंसा की ओ पाव्हणं,’ म्हणाले.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बोलू नका म्हटलं. पण दाजी जन्मात कधी गप्प बसले नव्हते.

‘उशीर का झाला?’

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसतं विचारलं, जेवायला उशीर का झाला असं विचारावं तसं. आणि मी म्हणालो, ‘बॅटरी गार पडली, दाजी.’

‘तरीच. पर बघा. कुंकू कामाला आलं. देवाचा डोळा उघडला का न्हाई?’

‘व्हय दाजी.’

‘शालनला सांगा. तिनं धाडलेल्या कुंकवानं इमान पाडलं म्हणावं. काचेवर लावलं हुतं म्हणावं, टोपीवर न्हाई. इसरू नका.’

मी नाही विसरणार म्हटलं. त्यांनी पाणी मागितलं. पोटाच्या जखमेला पाणी देत नाहीत हे मला माहीत होतं, मी दिलं. दोन घोट त्यांनी घेतले आणि तिसरा तोंडातून बाहेर आला.

उस्तादांचा हात कोपरापासून काढला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांची जीभ अजून सुजलेली होती आणि बोलणं बोबडं येत होतं. मी सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून मांडीवरच्या शेवटच्या शब्दापर्यंत. दोन दिवसांनी चौकशी होती आणि तिथं मी खरं सांगणार होतो, सात माणसं माझ्या विसरण्यानं गेली म्हणून. उस्ताद भिंतीकडं तोंड करून म्हणाले, तू खरं बोललास की कागदावर पहिलं नाव केरबाचं येणार. टिळा त्यानं लावला. तू जेलात जाशील ते जाशील, पण त्याच्या बायकोच्या दारात उद्या त्या सहा घरांच्या बायका येऊन उभ्या राहतील.

‘मरणाऱ्याला तू जे सांगितलंस,’ ते म्हणाले, ‘तेच कागदावर जाईल.’

आणि चौकशीत त्यांनी लिहून दिलं, बॅटऱ्या उबेत ठेवायची जबाबदारी माझी, मी ती पाळली नाही. महिनाभर पोटाशी बॅटऱ्या धरून झोपलेला माणूस. सुभेदार व्हायचे ते एका हाताचे हवालदार म्हणून घरी गेले. मला पदक मिळालं. मी ते घेतलं. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, हवालदारसाहेब म्हणतात ते बरोबर आहे. इतकं सोपं असतं ते, एका वाक्याचं काम.

अक्काला मी दाजींचा निरोप दिला, शब्द न् शब्द, आणि झाकण मी उघडलं, कुंकू खोबरेलात कालवलं, तेही सांगितलं. दिवसांवर दिवस ती जेवली नव्हती. निरोप ऐकून तिनं पहिल्यांदा भाकरीचा तुकडा मोडला. मला वाटलं, चला, एवढ्या खोटेपणातून निदान एक तुकडा अन्नाचा पोटात गेला. मांडीवर दीड वर्षाचा विश्वजित होता.

उस्ताद सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मातीला मी हुपरीला गेलो होतो. त्यांच्या घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. त्यांच्या थोरल्या मुलानं मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच आमच्या बाबांच्या चुकीनं माणसं मेली का. मी नाही म्हणालो. तो पुढचं ऐकायची वाट बघत होता आणि मी चप्पल घालून बाहेर पडलो. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

विश्वजितही सैन्यात गेला, एअर डिफेन्समध्येच. गेल्या दसऱ्याला तो सुट्टीवर होता, नळी खांद्यावर घ्यायचं प्रशिक्षण पुरं करून आलेला, आणि दुसऱ्या दिवशी सीमेवर रुजू व्हायला निघायचा होता. मी अक्काकडे जेवायला गेलो होतो. सोप्यात बसून तो बॅग भरत होता. अक्का आतून एक पितळेची डबी घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. देवीचं आहे म्हणाली. खोबरेलात कालवून लाव, कोरडं राहत नाही.

‘आणि टोपीवर लावू नगंस,’ ती म्हणाली. ‘आतल्या काचेवर. तुझ्या बाबानं लावलं हुतं तसं.’

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. विशू हसून म्हणाला, तिथं परवानगी नसते गं आई. ती म्हणाली, परवानगी घेऊन का तुझ्या बाबानं लावलं? तुझ्या मामानंच उघडून दिलं हुतं. मग माझ्याकडे बघून अभिमानानं म्हणाली, गावातली नि आसपासची पोरं भरती होऊन निघाली की पहिली माझ्याकडं येतात. गेल्या साली वरच्या आळीच्या पोरानं रणगाड्याच्या दुर्बिणीला लावलं, म्हणाला, मावशी, तुमच्या हातचं लावल्यापासून भ्या वाटत न्हाई.

मी ताट बाजूला सारलं. वीस वर्षं मला वाटत होतं, गोष्ट माझ्या पोटात आहे, तिथं सडेल आणि माझ्याबरोबर जाईल. ती गावभर चालत होती. मी विशूच्या हातातली डबी काढून घेतली आणि सांगितलं. पहिल्या नळीपासून सांगितलं. उस्तादांची जीभ सांगितली. दाजींनी उशीर का झाला विचारलं ते सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. विशू उभाच होता. अक्का चौकटीला धरून खाली बसली.

ओरडेल, रडेल, मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, ‘त्यास्नी कळलं हुतं? जाताना?’

‘नाही अक्का.’

‘आणि बाकीची सा घरं?’

‘त्यांनाही नाही. मगदूम उस्तादांच्या पोरांनाही नाही.’

तिनं मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही, आणि अजूनही ती माझ्याकडे नीट बघत नाही. पदरानं तोंड पुसून ती विशूला म्हणाली, ‘फोन काढ.’

विशू म्हणाला, आई, आत्ता कुणाला?

‘सतरा पोरांच्या हातात दिलंय मी ते,’ ती म्हणाली. ‘नावं सांगते. पहिला वरच्या आळीचा, रणगाड्यावरचा.’

विशूनं नंबर शोधून लावला आणि आवाज मोठा केला. आम्ही तिघंही त्या फोनकडं बघत होतो. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली. पोरगं ड्यूटीवर असंल, विशू म्हणाला.

‘परत लाव,’ अक्का म्हणाली.